ट्रकच्या दाराचं रबर

चिन्मय, तू पाठवलेला फोटो मी दोन बोटांनी मोठा करून पाहिला. तुझा तो जुना निळा ट्रक, उघडं दार आणि दाराच्या चौकटीभोवती अर्धवट चिकटवलेली काळी रबराची पट्टी. खाली तू लिहिलं आहेस, ‘आजी, इकडे अजून थंडी आहे, आत गार वारा येतो म्हणून रबर बसवतोय. पण कोपऱ्यात नीट बसत नाही.’ तुझ्या बहिणीने, रेवतीने, त्याखाली हसणारा चेहरा टाकला आहे. तिला वाटलं असेल, आजीला हे सांगून काय उपयोग!

इथे चैत्र संपत आला आहे. सकाळी नऊलाच ऊन पायरीवर येऊन बसतं. दुपारी वारा सुटतो, समोरच्या मोकळ्या प्लॉटवरची माती उचलतो आणि खिडकीच्या फटीतून माझ्या टेबलावर आणून टाकतो. मी पुसते. तासाभराने बोट फिरवलं की पुन्हा रेघ उठते. पन्नास वर्षांत खूप काही बदललं, पण नगर जिल्ह्यातली ही दुपारची धूळ तशीच आहे. तिचा वास आला की मी त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात जाऊन पोचते.

त्या उन्हाळ्याचा रंग मला कुणी विचारला तर मी पांढरा सांगेन. झाडं पांढरी, माणसांच्या भुवया पांढऱ्या, दोरीवर वाळत घातलेली लुगडी काढून झटकली की पांढरा ढग. पाऊस सलग हुकला होता. शेतात काम नव्हतं, म्हणून सरकारने जागोजाग कामं काढली होती. तुमचे आजोबा तेव्हा ओव्हरसियर होते आणि खर्ड्याहून जामखेडकडे जाणाऱ्या सडकेचा एक टप्पा त्यांच्याकडे होता. आम्ही खर्ड्यात दोन खोल्या घेऊन राहत होतो. खिडकीतून किल्ल्याचा तट दिसायचा. दुपारी त्या दगडांवरून ऊन असं परत यायचं की खिडकीला ओलं गोणपाट लावावं लागे, आणि गोणपाट भिजवायला पाणी नसे.

सडक कशी होते, तुम्हांला ठाऊक नसेल. खडी पसरायची, तिच्यावर मुरूम टाकायचा, भरपूर पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा. पाण्याने मुरूम दबून बसतो. त्या वर्षी प्यायलाच टँकर येत होता, सडकेवर पाणी कोण मारणार? मुरूम कोरडाच पसरलेला असे, आणि येणाऱ्याजाणाऱ्या चाकांखाली त्याचं पीठ होई. सडकेच्या कडेला ओळीने बायका खडी फोडत बसलेल्या असत. हातोड्यांचा तो टक टक टक आवाज मैलभर सोबत करायचा. गाडी आली की आवाज एकदम थांबे. सगळ्या बायका एका वेळी रस्त्याकडे पाठ करत, पदर ओढून मांडीवरच्या पोराला झाकून घेत आणि धूळ खाली बसेपर्यंत तशाच बसून राहत. मग पुन्हा टक टक टक. कुणी त्यांना हे शिकवलं नव्हतं. एखाद्या आठवड्यात ती रीतच पडून गेली होती.

दुपारी सुखडीचं, म्हणजे गूळ घातलेल्या पिठाच्या सरकारी खाऊचं, वाटप व्हायचं. तिचा गुळकट वास आणि घरोघर थापल्या जाणाऱ्या लालसर मिलोच्या भाकरीचा वास मला अजून वेगवेगळा आठवतो. मिलोची भाकरी हमखास चिरायची. तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन देश झालेले असत. ‘अमेरिकेची ज्वारी हाय, तिला मराठी येत न्हाई,’ असं आमची हिराबाई म्हणायची.

हिराबाईबद्दल सांगते. ती त्या ओळीतच खडी फोडायची. माझ्याएवढीच, सव्वीस-सत्तावीसची, कडेवर सहा महिन्यांचा मुलगा. बोटांवर हातोडा बसला की बायका आमच्या दारात आयोडीन लावून घ्यायला येत, तशी तीही आली आणि मग येत राहिली. बोट बरं असलं तरी यायची. माझी कपाटं, माझ्या घड्या, बरण्यांवर लावलेल्या चिठ्ठ्या पाहून तिला मोठी गंमत वाटे. ‘बाई, मिठाला ठावं असतंय की आपण मीठ हाय. त्याला कशापायी नाव चिकटवायचं?’

आता नीलूकडे येते. नीलू म्हणजे तुमची आई, तेव्हा तीन वर्षांची. तिला धूळ सोसत नसे. घरात बरी असे. पण धुळीत गेली की संध्याकाळपर्यंत छातीत शिट्टी वाजू लागे, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाई, आणि ती उताणी झोपायची नाही, माझ्या खांद्यावर बसूनच झोपायची. नगरचे डॉक्टर दर गुरुवारी इंजेक्शन द्यायचे. पण नगरला जायचं ते त्याच सडकेने. एस.टी.च्या खिडक्यांना काचा नावालाच. म्हणजे औषध आणायला जायचं आणि परत येताना दुखणं घेऊन यायचं, असा प्रकार. शेवटी एका गुरुवारी डॉक्टरांनी नळी कानातून काढली आणि म्हणाले, ‘हिला या रस्त्यावरून आणू नका, आणि इंजेक्शनही चुकवू नका. दोन्ही जमायचं असेल तर पावसाळा लागेपर्यंत पुण्याला आजीकडे ठेवा.’

तुमच्या आजोबांना ते पटलं. ‘तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे,’ ते म्हणाले.

मला पटलं नाही, आणि का पटलं नाही ते मला त्यांना नीट सांगता आलं नाही. आज तुम्हांला सांगते. मी स्वतः आठ वर्षांची असताना चांगली शाळा मिळावी म्हणून मावशीकडे गेले होते. शाळा खरंच चांगली होती; इंग्रजी मी तिथेच शिकले. वर्षभराने सुटीत घरी आले तेव्हा आईने वाटीत खीर आणून दिली आणि मी तिला म्हणाले, ‘तुम्ही घेतलीत का?’ मावशीकडे सगळ्यांना तसंच म्हणायचे. आई वाटी ठेवून आत गेली. पुढे मी तिला पुन्हा ‘तू’ म्हणू लागले, पण मधलं ते वर्ष आम्हां दोघींनाही कधी भरून काढता आलं नाही. मी नीलूला पाठवणार नव्हते. पण तिचा श्वास माझ्या हट्टाहून मोठा होता, हेही मला कळत होतं.

सडकेच्या कामावर इस्माईलभाईंचा ट्रक होता. स्वतःचा. सोमवारी आणि गुरुवारी तो नगरहून धान्याची पोती आणायचा, बाकी दिवस खडी वाहायचा. इस्माईलभाई पन्नाशीचे, कायम गळ्यात ओला पंचा, आणि ट्रक लष्कराच्या लिलावातून घेतलेला, कुठल्या तरी लढाईहून परत आलेला. एस.टी.पेक्षा बरं म्हणून आम्ही गुरुवारी त्यांच्याशेजारी बसून जायचो. डॉक्टरांनी तसं सांगितलं त्या दिवशी परतताना ऊन तिरपं येत होतं, आणि त्या उन्हात मला धूळ आत शिरताना दिसली. अगदी स्पष्ट. माझ्या बाजूच्या दाराच्या कडेने एक सरळ रेघ, जणू कुणी पट्टीने आखली आहे. मी हात लावून पाहिला. चौकटीला जुन्या रबराचे वाळलेले तुकडे चिकटले होते.

‘इस्माईलभाई, इथं पूर्वी रबर होतं.’

‘असंल की. माज्या जन्माआधी.’

‘नवीन बसवलं तर धूळ आत येणार नाही.’

ते मोठ्याने हसले. ‘अहो वैनी, या गाडीला आत अन् भाईर असा फरकच न्हाई. दार लावायचं ते निस्तं पोलिसानं बघावं म्हणून.’

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आमच्या दारात उभा होता. माप घ्यायला मी माझी शिवणाची टेप काढली. वर, खाली, दोन बाजू, बेरीज केली, दोनदा तपासली आणि कागदावर लिहून दिली. सोमवारी त्यांनी नगरच्या जुन्या बाजारातून तेवढंच रबर आणलं, मध्ये पोकळ, बोटाएवढं जाड. मंगळवारी आम्ही जुनी खपली सुरीने खरवडली, रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढली आणि पंक्चरवाल्याचं सोल्युशन लावून रबर दाबत गेलो. ऐकलं-वाचलं ते मी एका वहीत उतरवून ठेवायची; त्यात होतं की सांधा खालच्या बाजूला यावा, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. मी ते वाचून दाखवलं.

‘पाऊस?’ इस्माईलभाई म्हणाले. ‘वैनी, त्याला आधी येऊ तर द्या. आला तर मी सोता त्याला दार उघडतो.’

शेवटच्या कोपऱ्यापाशी रबर वीतभर कमी पडलं. कोपऱ्यांची वळणं मी मापात धरलीच नव्हती. आता नगरच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं, की आहे ते पुरवायचं? आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. ते एका टोकाला, मी दुसऱ्या, आणि ओढलं. मागे वळून पाहताना मला वाटतं, ती चूक फक्त त्याच वर्षी, त्याच माणसांच्या हातून होऊ शकली असती. हंडाभर पाणी ताणून दोन दिवस पुरवायचं, पीठ ताणून चार भाकऱ्यांच्या पाच करायच्या, एक काडी दोन चुलींना लावायची. कमी पडलेली गोष्ट ओढली की पुरते, हे आमच्या हातांत इतकं मुरलं होतं की रबर ओढताना मनात शंका आली नाही, उलट समाधान वाटलं. इस्माईलभाईंनी वर दाखलाही दिला. ‘बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी बसवत्यात? तापवून, आवळून. ढिली बसवली तर दुसऱ्याच वळणावर निसटती. आवळलेलं तेवढं टिकतंय, वैनी.’

दार लावून मी वहीच्या कागदाची एक पट्टी फटीत धरली आणि ओढली. कागद अडकला. सगळीकडे अडकला. आम्ही दोघंही खूश.

दोन दिवस ट्रक उन्हात खडी वाहत फिरला. गुरुवारी आम्ही निघालो तेव्हा जामखेडच्या अलीकडेच नीलू शिंकली. वर पाहिलं तर दाराच्या वरच्या कोपऱ्यात रबर चौकट सोडून आत आखडलं होतं. दोन बोटांची फट. तिथून धूळ एखाद्या धारेसारखी थेट तिच्या डोक्यावर पडत होती. पूर्वी चारी बाजूंनी थोडी थोडी यायची, ती आता एकाच जागेतून. मी पदराचा बोळा करून तिथे दाबून धरला आणि नगरपर्यंत हात खाली घेतला नाही. दवाखान्यात पोचेस्तोवर नीलूचे ओठ निळसर दिसत होते. त्या दिवशी आम्ही परत येऊ शकलो नाही. एका ओळखीच्यांकडे राहिलो. डॉक्टर फक्त एवढंच म्हणाले, ‘पुढच्या गुरुवारी हिला पुण्याच्या गाडीत बसवल्याचं कळवा.’

तुमच्या आजोबांनी, आम्ही घरी आल्यावर, पुण्याला माझ्या आईला पोस्टकार्ड लिहिलं, नीलूला पाठवतोय म्हणून. माझ्यापुढे ठेवलं. ‘तू म्हणशील तेव्हा टाकतो,’ म्हणाले. मी वाचलं, त्यातली एक तारीख चुकली होती ती दुरुस्त केली आणि दौतीखाली ठेवलं. भांडले नाही. भांडायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. मुलीला धुळीत नेणारी मी, आणि फट ठेवणारीही मीच.

सुटीच्या दिवशी हिराबाई आली. ट्रक दारातच उभा होता. मुलाला कडेवर घेऊन तिने उघड्या दाराभोवती नजर फिरवली, कोपऱ्यात बोट घातलं.

‘बाई, ह्ये कुनी बसवलं?’

‘आम्हीच.’

‘वढून बसवलं?’

‘थोडं कमी पडत होतं.’

‘अवं, गोधडीचा काठ कधी वढून शिवत्यात व्हय? वढून शिवला की पान्यात घातल्यावर आखडतो, अन् कोपरे उचलून येत्यात. काठ ढिला सोडायचा. कोपऱ्यावर तर बोटभर जास्तीच. सुईनं दाबत दाबत बसवायचा.’

मीही त्या कोपऱ्यात बोट घातलं. शाळेत मला फ्रॉकच्या गळ्याला पायपिंग लावायला शिकवलं होतं. वळणावर पट्टी ओढायची नाही, सैल ढकलत जायची, नाहीतर गळा चुण्या पडून उभा राहतो. मला त्यात पैकीच्या पैकी गुण होते. ते ज्ञान माझ्या शिवणाच्या डब्यात राहिलं आणि ट्रकपर्यंत आलंच नाही.

इस्माईलभाई बोनेटवर बसून ऐकत होते. ‘म्हंजे धाव बसवणाऱ्याचं चुकलं अन् गोधडीवालीचं बरोबर?’

‘लोखंड अन् रबार एकच का, भाई? तुमचं डोस्कं बी त्याच लिलावातनं घेतलंया का?’

ते इतके हसले की त्यांना खोकला आला.

सोमवारी नवं रबर आलं, मापापेक्षा हातभर जास्त. मंगळवारी काम सुटल्यावर हिराबाई तशीच धुळीने माखलेली आली. मुलाला तिने माझ्या नीलूशेजारी सतरंजीवर ठेवलं. सोल्युशन लावलं की ती मला थांबवायची. ‘जरा चिकटू द्या. भिजल्या पिठाची भाकरी होत न्हाई.’ बोटाला ओढ लागू लागली की मी रबर पुढे सरकवायची आणि ती अंगठ्यांनी दाबत यायची. कोपऱ्यावर तिने ते इतकं सैल घेतलं की वळकटी दिसू लागली. मला राहवेना, मला सरळ रेघ हवी होती. मी हात पुढे केला, तर तिने कोपराने माझा हात बाजूला सारला. ‘दिसायला वंगाळ दिसू द्या. बसल आपोआप.’ तिचे अंगठे फुटलेले, नखं काळी पडलेली. त्या अंगठ्यांनी ती दगड फोडताना हातोडा धरायची. रबर मात्र अशी दाबत होती, जशी लहान मुलाची टाळू दाबतात.

जास्तीचं रबर तिने ओढून नव्हे, आत रेटून बसवलं, दोन टोकं एकमेकांना ढकलत राहतील अशी. पेडलच्या भोकांभोवती आणि इस्माईलभाईंच्या बाजूच्या दाराच्या फटींत आम्ही जुनी ट्यूब आणि गोणपाट कोंबलं. आता दार लागेना! इस्माईलभाईंनी खांदा लावून ते बंद केलं आणि तसंच दोन दिवस ठेवलं. ते दोन दिवस सगळी चढ-उतार त्यांच्या बाजूनेच झाली. चिन्मय, तुझंही दार सुरुवातीला लागणार नाही. घाबरू नकोस.

गुरुवार उजाडला. पोस्टकार्ड दौतीखालीच होतं. तुमचे आजोबा ट्रकपर्यंत आले, नीलूला उचलून आत ठेवलं, आणि मला म्हणाले, ‘आज काही झालं तर परत आणू नकोस. तिथूनच पुण्याला जा.’ नीलूचे कपडे एका पिशवीत भरून दिले होते. ती पिशवी मी पायाशी ठेवली.

दारं लावली, काचा वर केल्या, आणि ट्रकची भट्टी झाली. इंजिनाची धग, वरून टपाची धग. इस्माईलभाईंच्या दाढीतून घाम टपकत होता. ‘वैनी, धूळ परवडली म्हनायची पाळी आली,’ ते म्हणाले, पण काच खाली केली नाही. नीलू घामाने भिजून चिंब झाली होती आणि मजेत होती. मी वहीने वारा घालत होते आणि तिच्या छातीला कान लावून ऐकत होते. दर मैलाला. शिट्टी नव्हती.

मग सडकेचा तो टप्पा आला. पुढे रोलर आडवा होता म्हणून आम्हांला थांबावं लागलं, आणि आमच्या मागची सगळी धूळ पुढे आली. काचेबाहेर काही दिसेना. आत दाराच्या कडेला मी बोट फिरवलं. बोट स्वच्छ. मला रडू आलं. मी नीलूला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

हळूहळू धूळ खाली बसू लागली आणि बाहेर आकार दिसू लागले. बायका रस्त्याकडे पाठ करून, पदर ओढून, तशाच बसलेल्या. आजवर मी त्या धुळीत त्यांच्याबरोबर असायची. नाकाला पदर त्यांचाही, माझाही. आज पहिल्यांदा मी त्यांच्याकडे धुळीने न चुरचुरणाऱ्या, स्वच्छ डोळ्यांनी पाहत होते. ही धूळ आमच्याच चाकांची होती.

त्यांतली एक उठून आली. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. जवळ आल्यावर कळलं, हिराबाई. पदराखाली मुलगा. तिने दाराच्या कोपऱ्याकडे पाहिलं, वळकटी बसून सपाट झाली होती. ती हसली तेव्हा फक्त दात आणि डोळे दिसले. तिला सांगायला म्हणून मी काच खाली करायचा दांडा फिरवू लागले. तिने घाईघाईने काचेवर तळवा टेकवला आणि जोरात मान हलवली. आवाज जेमतेम आत आला.

‘नगा, नगा. पोरीला लागंल.’

मी दांडा परत फिरवला. रोलर बाजूला झाला. आम्ही निघालो तेव्हा ती पाठ करून खाली बसत होती.

डॉक्टरांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, ‘आज ठीक आहे.’ नीलू पुण्याला गेली नाही. त्या गुरुवारी नाही, नंतरही नाही. पोस्टकार्ड तुमच्या आजोबांनी स्वतः फाडलं. पावसाळा लागेपर्यंत आम्ही तसेच जात राहिलो, बंद काचांच्या आड.

इस्माईलभाईंच्या आणि माझ्या मध्ये एका बाईला मूल घेऊन बसता येईल एवढी जागा होती. हे मला तेव्हा सुचलं नाही, असं लिहिणं सोपं आहे. सुचलं होतं. पण हिराबाई गुरुवारी कामावरून उठली असती तर तिचा दिवस बुडाला असता, असं मी स्वतःला सांगितलं. आणि तिच्या मुलाच्या छातीत शिट्टी वाजत नव्हती, असंही. दोन्ही खरं होतं. त्याखाली तिसरं होतं, तेही खरं होतं: घट्ट बसलेलं दार मध्येच वाटेत उघडायला मला नको होतं.

पुढच्या गुरुवारी त्या टप्प्यापाशी येताच मी इस्माईलभाईंना म्हणाले, ‘हळू घ्या.’

‘इंजान तापंल, वैनी. दवाखान्याला उशीर होईल.’

‘होऊ दे.’

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गिअर बदलला. तेव्हापासून ते मैल आम्ही बैलाच्या चालीने जायचो. आत भट्टी आणखी पेटायची, नीलू कुरकुरायची, कधी इस्माईलभाई इंजिनाला शिव्या घालायचे. बायका तरीही पाठ करायच्या, पदर ओढायच्या. हळू गेल्याने धूळ कमी उडायची. उडायचीच, पण कमी.